‘हार्डली’ म्हणजे ‘कष्टाने’ का नाही?

‘क्विक’चं ‘क्विकली’ होतं, ‘स्लो’चं ‘स्लोली’ होतं, मग ‘हार्ड’चं ‘हार्डली’ का होत नाही? तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

होतं की! फक्त त्याचा अर्थ भलतीकडे गेला. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो खूप राबतो. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो कामाला फारसा हातच लावत नाही. शिफारसपत्रात ही चूक झाली, तर कौतुकाची तक्रार होते.

जुन्या इंग्रजीत विशेषणाला नुसता एक स्वर जोडून क्रियाविशेषण करत. ‘हार्ड’चंही तसंच होत असे. पुढे तो शेवटचा स्वर गळला आणि दोन्ही रूपं सारखीच दिसू लागली. ‘वर्क हार्ड’, ‘रन फास्ट’ यांना ‘ली’ लागत नाही तो यामुळे. ‘ली’वालं रूपही तेव्हा होतंच, पण त्याचा अर्थ धिटाईने, कठोरपणे असा होता. त्यातून ‘मुश्किलीने’ हा अर्थ निघाला. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये, मत्तयाच्या 19 व्या अध्यायात, श्रीमंत माणूस स्वर्गाच्या राज्यात ‘शॅल हार्डली एंटर’ असं म्हटलंय. तिथे ‘महाकष्टाने शिरेल’ असा अर्थ आहे. आजच्या वाचकाला मात्र ‘शिरणं जवळपास अशक्यच’ असं वाटतं.

ही घसरण आपल्याला परकी वाटू नये. ‘तो मुश्किलीने चढला’ यात कष्ट आहेत, तर ‘तो मुश्किलीने दहा मिनिटं बसला’ यात कसले कष्ट? तिथे अर्थ ‘जेमतेम’ एवढाच. इंग्रजीने यातला पहिला अर्थ टाकून दिला आणि दुसरा ठेवला.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. ‘मला नीटसं ऐकू येत नाही’ हे मनात असतं, म्हणून ‘आय कान्ट हार्डली हिअर’ असं तोंडात येतं. आपल्या ‘फारसं’, ‘नीटसं’ यांना ‘नाही’ची सोबत लागते; ‘हार्डली’च्या मात्र पोटातच ‘नाही’ आहे. तेव्हा ‘आय कॅन हार्डली हिअर’. त्याची जागाही बघा: ‘कॅन’नंतर, मुख्य क्रियापदाच्या आधी. पोटातल्या या नकारामुळेच ‘हार्डली सम मनी’ न म्हणता ‘हार्डली एनी मनी’ म्हणायचं, ‘क्वचितच’साठी ‘हार्डली एव्हर’ वापरायचं, आणि वाक्याच्या शेपटीचा प्रश्न होकारार्थी ठेवायचा: ‘ही हार्डली स्पीक्स, डझ ही?’ ‘डझन्ट ही?’ नव्हे.

वाक्याची सुरुवात ‘हार्डली’ने केली, तर सहायक क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी मारतं: ‘हार्डली हॅड आय सॅट डाउन व्हेन द फोन रँग’, म्हणजे मी बसतो न बसतो तोच फोन वाजला. इथे ‘व्हेन’ हवं. ‘दॅन’ हा ‘नो सूनर’चा जोडीदार आहे, दोघांची अदलाबदल परीक्षांच्या उत्तरपत्रिकांत सर्रास दिसते. बोलताना मात्र ही रचना टाळलेलीच बरी, फार पुस्तकी वाटते.

‘बेअरली’ त्याचं जवळचं भावंड, पण स्वभाव वेगळा. ‘ही बेअरली पास्ड’ म्हणजे काठावर का होईना, पास झाला. इथे ‘हार्डली’ चालत नाही. उलट ‘दॅट्स हार्डली माय फॉल्ट’ यात ‘बेअरली’ चालणार नाही, कारण दोष थोडासा माझा आहे असं तिथे म्हणायचंच नाही. ‘यात माझा काय दोष?’ असा तो ठसका आहे.

नुसतं ‘हार्डली!’ असं उत्तर आलं, तर ते ‘छे, कुठलं!’ असं ऐका.