गंभीर चेहऱ्याची बेडूकगोष्ट

'विनोदी गोष्ट सरळ वाचायची सोडून कानात बोंडं घालून ऑडिओबुक ऐकत काय बसता?' हे मला घरीदारी सारखं विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या मनात असतं, की ऐकणं म्हणजे आळशी माणसाचं वाचन. आळशीपणाबद्दल मी वाद घालत नाही. पण काही गोष्टी मुळात कुणीतरी कुणालातरी सांगितलेल्या असतात, आणि त्यांची खरी गंमत त्या सांगण्यातच असते. उदाहरणादाखल अशी एकच गोष्ट घेतो: अमेरिकन लेखक मार्क ट्वेनची कॅलाव्हेरस परगण्यातल्या उड्या मारणाऱ्या बेडकाची.

1865 च्या नोव्हेंबरात ती न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात आली आणि ट्वेनचं नाव झालं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला तो कॅलिफोर्नियात, सोन्याच्या खाणींच्या मुलखात होता. तिथे एंजल्स कॅम्प नावाच्या गावात, बारमध्ये बसल्या बसल्या त्यानं हा किस्सा ऐकला होता. म्हणजे ही गोष्ट कागदावर येण्याआधी कानावर आलेली.

गोष्टीची मांडणीही तशीच. निवेदक एका रेव्हरंड स्मायलीची चौकशी करायला सायमन व्हीलर या जाड्या, टकल्या म्हाताऱ्याकडे जातो. व्हीलर त्याला कोपऱ्यात रेटतो, आपली खुर्ची मांडून वाट अडवतो आणि सुरू होतो. रेव्हरंड राहतो बाजूला. व्हीलर सांगत सुटतो जिम स्मायली नावाच्या पैजखोर माणसाबद्दल. तो हसत नाही, कपाळाला आठी घालत नाही, आवाज चढवत नाही की उतरवत नाही. आपण सांगतोय त्यात हसण्यासारखं काही आहे, याचा त्याला पत्ताच नाही.

हा मजकूर छापील पानावर वाचताना दोन अडचणी येतात. पहिली, खाणीतल्या माणसांची ती गावठी इंग्रजी. स्पेलिंगं अशी मोडूनतोडून लिहिलेली, की डोळा ठेचकाळत चालतो. कानाला तोच मजकूर लोण्यासारखा जातो. दुसरी अडचण म्हणजे आपण. वाचताना नजर दोन ओळी पुढे धावते आणि चावट वाक्य यायच्या आधीच दिसून जातं. ऐकताना पुढचं दिसत नाही. त्या निवेदकाबरोबर आपणही कोपऱ्यात अडकलेले असतो, खुर्ची आपल्याही वाटेत असते.

एक जागा सांगतो. स्मायली कशावरही पैज लावतो. कुंपणावरच्या दोन पाखरांपैकी आधी कुठलं उडेल, यावरसुद्धा. पाद्री वॉकरची बायको बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली असते. एके सकाळी पाद्री सांगतो, देवाच्या कृपेनं आता पुष्कळ बरं आहे, उठेल ती. आणि स्मायलीच्या तोंडून, विचार करायच्या आत निघून जातं: अडीच लावतो, नाही उठत! हे वाक्य वाचणाऱ्यानं कसं म्हणावं? अगदी भाजीचा भाव विचारावा तसं. आवाजात एक कणभर मिस्कीलपणा आला की संपलं. मी मेथी निवडत ऐकत होतो. काड्या भाजीत आणि पानं कचऱ्यात गेली.

तसंच त्या कुत्र्याचं, अँड्र्यू जॅक्सनचं. (प्रेसिडेंटचं नाव कुत्र्याला, आणि बेडकाला सिनेटर डॅनियल वेबस्टरचं!) समोरच्या कुत्र्याचा मागचा पाय धरून लोंबकळायचं, एवढाच याचा डाव. एकदा गाठ पडते ती गोल करवतीत मागचे दोन्ही पाय गेलेल्या कुत्र्याशी. हा धरायला जातो, तर पायच नाहीत. मग तो स्मायलीकडे 'तूच घात केलास' अशा नजरेनं बघतो, थोडं लंगडत जातो, आडवा होतो आणि मरतो. चांगला वाचणारा इथे शोक करत नाही, खिदळत तर नाहीच. म्हातारा जसा सांगेल तसं सांगून पुढे जातो. बेडकाचं काय होतं ते मी सांगणार नाही.

गोष्ट कशी सांगावी यावर ट्वेननं 1895 साली एक निबंधच लिहिला. विनोदी गोष्ट गंभीरपणे सांगावी, तिच्यात काही गमतीचं आहे अशी पुसटशी शंकाही चेहऱ्यावर दाखवू नये, असं त्याचं म्हणणं. थांबायचं किती, यालाही तो फार जपायचा. त्याच सुमारास कर्ज फेडण्यासाठी तो जगभर स्टेजवरून बोलत फिरत होता. 1896 च्या जानेवारीत मुंबईला आला आणि वॉटसन हॉटेलात उतरला. त्याचा आवाज मात्र आज कुठेही ऐकायला मिळत नाही. एडिसनच्या यंत्रावर त्यानं काही मजकूर बोलून ठेवला होता, ती मेणाची नळकांडी हरवली. त्यामुळे 'मूळ' वाचन कुठलंच नाही आणि प्रत्येक वाचणाऱ्याला मैदान मोकळं आहे.

आपल्याला कथाकथनाचं वेड आहेच. शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर यांनी सभागृहंच्या सभागृहं हसवली. पण तिथे शेजारचा हसला की आपणही हसतो. ऑडिओबुकात शेजारी कुणी नसतं, कुठे हसायचं ते आपलं आपण ठरवायचं. मला हे जास्त आवडतं, पण अनेकांना सुनंसुनं वाटतं हेही खरं.

कुठे ऐकायची? कॉपीराइट संपलेली असल्यामुळे लिब्रिव्हॉक्स या ऑडिओबुकांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. तिथे 2005 पासून हौशी लोक वाचतात आणि वाचायला येणाऱ्याची परीक्षा घेतली जात नाही. त्यामुळे एकाच गोष्टीची अनेक वाचनं सापडतील, त्यातली काही अगदी शाळेत धडा म्हटल्यासारखी. दोन-तीन मिनिटं ऐका, नाही पटलं तर दुसरा आवाज लावा. पात्रागणिक आवाज बदलणारे मी लगेच बंद करतो: सगळं व्हीलर एकटाच सांगतोय, त्याला कशाला हवेत सतरा आवाज? आणि दीडपट वेगानं तर ऐकूच नका. सगळा मामला 15-20 मिनिटांचा आहे आणि म्हाताऱ्याला घाई नाही.

शेवटी व्हीलर एका शेपूट तुटलेल्या, एकडोळ्या गाईची गोष्ट सुरू करतो आणि निवेदक पळ काढतो. ऑटोप्ले आधीच बंद करून ठेवा, नाहीतर त्या गाईच्या पाठोपाठ दुसऱ्याच कुणाची तरी भुताची गोष्ट सुरू होते.