सादळलेली शेव

परवा दुपारी डब्यातली शेव तोंडात टाकली आणि ती कुरकुरलीच नाही. बाहेर पाऊस, झाकण अर्धवट. इंदूरच्या घरात शेव सादळणं म्हणजे घरचं माणूस आजारी पडल्यासारखंच. मला मात्र एकदम गुहागर आठवलं.

‘आम्ही मूळचे गुहागरचे, कुलस्वामी व्याडेश्वर.’ हे वाक्य प्रत्येक लग्नात कानावर पडायचं. 1818 मध्ये होळकरांची राजधानी इंदुरात आली, त्या सुमारास आमचा कुणी पूर्वज दप्तरात चिकटला, असं आजोबा सांगत. त्यांनी स्वतः समुद्र कधी पाहिला नव्हता. पण ‘आम्ही कोकणातले’ म्हणताना आवाज असा लागायचा, जसे काही सकाळीच वाडीतून सुपाऱ्या वेचून आलेत.

मी अकरा वर्षांचा असताना अखेर गेलो. चिपळूणहून एसटी. एकच लांबलचक रस्ता, दोन्हीकडे घरं, घरांमागे माडा-पोफळींच्या वाड्या आणि त्यांच्यापलीकडे एकदम समुद्र. चुलतकाकू विहिरीवर होत्या. आईनं मायेनं विचारलं, “वहिनी, पाणी भरून राहिल्या का?”

“राहिल्ये कुठे? भरत्येय की,” काकू म्हणाल्या आणि गूळपाणी आणायला आत गेल्या.

बाहेर येऊन म्हणाल्या, “जेवायला असाल तर आत्ताच सांगा. म्हणजे तांदूळ तेवढे टाकत्ये.”

आईचा चेहरा! इंदुरात पाहुण्याला विचारत नाहीत. पोहे येतात, वर शेव, शेजारी जिलबी. नको म्हणाला तर दुसरी बशी येते. काकूंचंही खोटं नव्हतं म्हणा, चार माणसांचा भात वाढवायचा तर आधी कळायला नको? पण हे मला आत्ता कळतं.

पानात भात, कुळथाची पिठी, आठळ्या घातलेली फणसाची भाजी. मी सवयीनं पिशवीतली शेव काढून पिठीवर भुरभुरवली. पंगत गप्प झाली. एका चुलतआजोबांनी वाकून हळूच विचारलं, “ह्याला बरं नाही का रे?”

संध्याकाळी देवळात काकूंनी शेजारणीला ओळख करून दिली, “ही आमची इंदूरची मंडळी. पण मराठी छान बोलतात हो!”

त्या ‘पण’ला आई आजही माफ करत नाही.

रात्री बाबांनी घराण्याचा कुलवृत्तान्त मागून घेतला. आमच्या शाखेवर येऊन त्यांचं बोट थांबलं. ‘उत्तरेत गेले. पुढील माहिती नाही.’ बाबांनी ते दोनदा वाचलं. काका पेन काढून म्हणाले, “सांग की, आता लिहून घेतो.” बाबांना पिढ्या तोंडपाठ होत्या. आजोबा रोज घोकून घ्यायचे. पण त्या रात्री त्यांना काही सांगता येईना. “पत्रानं कळवतो,” म्हणाले.

तिसऱ्या दिवशी शेवेचा लगदा झाला. निघताना काकूंनी न विचारता आमसुलं आणि फणसपोळी पिशवीत कोंबली, वर आईची ओटी भरली.

बाबांच्या मागे त्यांचा खण आवरताना पत्र सापडलं. नावं ओळीनं, सुवाच्य अक्षरात, शेवटचं माझं. पाकिटावर गुहागरचा पत्ता. टाकायचं राहून गेलेलं.

शेव मंद आचेवर परतली तर पुन्हा कुरकुरीत होते, म्हणतात. आईचं म्हणणं, करपते.