नऊ जण आणि एक पैठणी: सहस्रचंद्रदर्शनाच्या फोटोसाठी कपडे ठरवताना

बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, सहस्रचंद्रदर्शन नोव्हेंबरअखेरीस आहे. हजार पौर्णिमा व्हायला साधारण ८० वर्षं १० महिने लागतात. त्या निमित्ताने घरातल्या नऊ जणांचा एक नीट फोटो काढायचा ठरला आहे. तो ठाण्यातल्या उपवनला, तलावाच्या काठावर, मागे येऊरचा डोंगर घेऊन आणि माझ्याच कॅमेऱ्याने. लेन्स, ट्रायपॉड आणि वेळ दोन संध्याकाळींत ठरली. कपड्यांना मात्र पाच आठवडे लागले. इथे बरेच जण घरच्यांचे फोटो काढतात, म्हणून त्याची नोंद करते आहे.

पहिला आठवडा

मागे घरातल्या एका मुंजीत सगळ्यांनी एकाच ताग्यातले पिवळे झब्बे शिवले होते. तो फोटो आजही भिंतीवर आहे, पण लांबून पाहिला की माणसांच्या आधी पिवळा पट्टाच दिसतो. तसं या वेळी नको, एवढं मनाशी पक्कं होतं. पुढचा मार्ग आईंनी मोकळा केला. "मी माझी पैठणीच नेसणार, बाकीचं तुम्ही दोघी बघा," असं त्या मला आणि जावेला म्हणाल्या. फोटोतलं एक वस्त्र ठरलं आणि बदलणार नाही हेही ठरलं, की उरलेल्या आठ जणांचे रंग त्याच्याकडूनच घेता येतात. याआधी मी प्रत्येकाला "तुला काय घालायचंय?" असं विचारत सुरुवात करायचे आणि नऊ दिशांना नऊ रंग जायचे.

पैठणी वांगी रंगाची, धूपछांव आहे. ताणा, म्हणजे उभे धागे, निळा; बाणा, म्हणजे आडवे धागे, लाल. खिडकीपाशी धरून वीसेक फोटो काढले. उजेड समोरून आला की रंग शांत वांगी दिसतो. बाजूने आला की निऱ्यांच्या चढावर लाली चमकते आणि खोलगटीत निळसर सावली राहते. एकच साडी, पण फोटोत जवळजवळ दोन रंग. पदरावर मोर आहेत. त्यांच्या पिसाऱ्यात शेवाळी, अबोली आणि थोडा मोतिया. तेवढेच रंग वहीत लिहिले आणि कपाटं उघडली.

दुसरा आणि तिसरा आठवडा

नव्याने फक्त दोन कापडं घ्यायची होती, माझ्या ब्लाउजचं आणि मुलीच्या कुर्तीचं. गोखले रोडवरच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये पैठणीच्या पदराचा फोटो घेऊन जायचा माझा बेत होता. जाऊ म्हणाली, "ताई, फोटो नको, साडीच नेऊ." तिचं बरोबर होतं. मोबाइलच्या पडद्यावर वांगी रंग हमखास निळ्याकडे झुकतो. दुकानदाराने अबोलीचे चार तुकडे काढले आणि सवयीने म्हणाला, "बाहेर उजेडात बघून या." आतल्या एलईडीखाली पदराशी तंतोतंत जुळणारा तुकडा फुटपाथवर गाजरासारखा दिसला, आणि आत फिका वाटलेला बाहेर नेमका बसला. दोन रंगद्रव्यं एका दिव्याखाली सारखी आणि दुसऱ्याखाली वेगळी दिसू शकतात. ब्लाउजपीस घेताना आपण पिढ्यान्‌पिढ्या दारात जाऊन बघतो ते याचसाठी. फोटोचे कपडे निवडतानाही मी आता तेच करते.

पांढऱ्याने फार वेळ घेतला. बाबा पांढरा झब्बा, धोतर आणि काळी टोपी घालणार. ह्यांनाही पांढराच झब्बा हवा होता. दोन्ही शेजारी टांगून गॅलरीत फोटो काढला, तर ह्यांचा नवा झब्बा निळसर आणि बाबांचा जुना पिवळट, जणू मळका. कपडे धुण्याच्या पावडरींत आणि नव्या कापडात उजळपणासाठी जी द्रव्यं असतात ती अतिनील किरण शोषून निळा प्रकाश देतात. त्यामुळे सावलीतल्या उजेडात नवं पांढरं निळं भासतं. बाबांचा झब्बा मळका दिसावा हे मला अजिबात चालणार नव्हतं, त्या दिवसाचे ते यजमान आहेत. म्हणून पांढरं फक्त त्यांच्याकडे ठेवलं. हे आता शेवाळी खादीत आहेत आणि त्यामुळे बाबांकडे नजर आपसूक जाते.

चौथा आठवडा, उपवनला चाचणी

रविवारी सकाळी साडेसहाला सगळे नाही, पाच जण गेलो. नोव्हेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. उपवनला डोंगर पश्चिमेला आहे, म्हणजे डोंगर मागे घेतला की ऊन थेट चेहऱ्यावर येतं. पहिली वीसेक मिनिटं ते मऊ असतं, मग डोळे बारीक होऊ लागतात. ५० मिमी लेन्स, साधारण पाच मीटर अंतर, लेन्सचं छिद्र एफ ५.६, म्हणजे पुढची आणि मागची दोन्ही रांगा स्पष्ट येतात.

तीन कपडे तिथेच बाद झाले.

पुतण्याचा बारीक रेघांचा शर्ट. घरी छान दिसायचा. कॅमेऱ्यात त्याच्या छातीवर इंद्रधनुषी लाटा आल्या. सेन्सरवर उमटलेल्या चित्रात रेघांमधलं अंतर सेन्सरच्या ठिपक्यांच्या जाळीच्या मापाजवळ आलं की अशा लाटा, म्हणजे मोआरे, उमटतात. मी दोन पावलं पुढे सरकले तर लाटा गेल्या, पण मग कडेचे दोघे चौकटीबाहेर. लाटा नंतर एडिटिंगमध्ये काढत बसण्यापेक्षा साधा गर्द निळा शर्ट बरा. तो पैठणीच्या ताण्याच्या निळ्याशी जुळतोही.

भाऊजींचा लाल कुर्ता. एकूण हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ), बरोबर दिसत होता, पण लाल चॅनेल, म्हणजे फक्त लाल रंगाचा आलेख, उजवीकडे भिंतीला टेकलेला. कुर्त्याच्या घड्या, विणकाम, सगळं एका सपाट लाल डागात गेलं. लाल कपडा असेल तर तिन्ही चॅनेल वेगवेगळे उघडून बघा, एकत्र आलेख फसवतो. भाऊजींनी लगेच मातकट रंगाचा कुर्ता मान्य केला.

तिसरा, चार वर्षांच्या पुतणीचा रेडियम पोपटी फ्रॉक. हे मी आयुष्यभर लक्षात ठेवीन. ती आईंच्या मांडीवर बसली, ऊन फ्रॉकवर पडलं आणि आईंच्या हनुवटीखाली, गळ्याच्या सुरकुत्यांत हिरवी झाक आली. ठुशीवरसुद्धा. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तेव्हा आजारी माणसाचा रंग वाटत होता. व्हाइट बॅलन्सने, म्हणजे सगळ्या फोटोची रंगछटा एकदम बदलून, ते जात नाही, कारण बाकीचा चेहरा व्यवस्थित आहे. फ्रॉक बदलून मोतिया परकर-पोलका घातला, तर त्याच जागी हनुवटीखाली उलट मऊ उजेड आला. मोठ्यांच्या मांडीवर बसणाऱ्या मुलाला फिका, उबदार रंग घालावा, तो रिफ्लेक्टरचं काम करतो. पुतणीला तिचा फ्रॉक फार प्रिय आहे. तिचे एकटीचे फोटो त्याच फ्रॉकमध्ये काढायचे असं मी तिला वचन दिलंय.

आता राहिलेलं

मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिला जीन्सवर कुर्ती हवी होती. ती मागच्या रांगेत उभी राहणार, कमरेखालचं दिसणार नाही, म्हणून हो म्हटलं. स्वतःच्या कपड्यांत तिचे खांदे सैल असतात आणि ते फोटोत कळतं.

जावेच्या इरकलीचा काठ डाळिंबी आहे. तो आईंच्या अगदी शेजारी नको, म्हणून ती बाबांच्या बाजूला. माझी साडी शेवाळी, ब्लाउज अबोली. ह्यांच्यापासून मी दोन माणसं सोडून उभी राहणार, नाहीतर तिथे शेवाळीचा ढीग होतो.

चपला सगळ्यांच्या तपकिरी किंवा काळ्या. पांढरे बूट कोणाचेच नाहीत. चाचणीत सर्वात आधी पुतण्याचे बूटच डोळ्यांत भरले होते.

पैठणीच्या जुन्या घड्यांचे वळ उरलेत. जरीवर गरम इस्त्री नको, म्हणून शनिवारी दुपारीच मलमलीतून काढून जाड दांडीवर सोडून ठेवणार. अत्तर जरीवर लागू नये, आई ते आधी लावतील आणि साडी मग नेसतील. त्या पहाटे पाचला उठून नेसणार आहेत आणि निऱ्या धरायला मला बोलावलंय. बॅटऱ्या रात्रीच चार्जिंगला लावते, सकाळी हात रिकामे हवेत.