न्यूट्रल

नवीन ड्रायव्हर माझ्या ट्रकवर देताना ऑफिसातून एकच वाक्य येतं, "जरा बघून घ्या." काय बघायचं, कधीपर्यंत बघायचं, आणि बघून मी नकार दिला तर तो तुम्ही मानणार का, हे कोणी सांगत नाही. माझ्या हाताखालची बरीच मुलं आज स्वतंत्र गाड्या चालवतात. पण या एका मुलाबरोबरचा तो दिवस अजून डोक्यातून जात नाही.

मुलगा कामाचा होता, हे आधी सांगतो. रिव्हर्स घेण्यापूर्वी न सांगता खाली उतरून गाडीच्या मागे एक चक्कर मारायचा. जुन्याजाणत्या ड्रायव्हरांना यात कमीपणा वाटतो आणि तेच मग मागचा खांब पाडतात. वळणावर मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. वळण पूर्ण होईपर्यंत नजर आतल्या बाजूच्या आरशाकडे जात राहायची. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचा आणि त्यात कोणी कार घुसवली तरी न चिडता पुन्हा मागे व्हायचा. कारवाल्यांना ती जागा रिकामी दिसते. हवेच्या ब्रेकमध्ये पेडल दाबल्यापासून ब्रेक चाकाला लागेपर्यंत क्षणभर जातो आणि त्या क्षणात भरलेली गाडी कितीतरी मीटर पुढे गेलेली असते, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

आधी तो दुसऱ्या एका उस्तादाकडे होता. त्याच्या कागदावर 'घाट उतरता येतो' यापुढे बरोबरची खूण होती.

शिकवणाऱ्याची अडचण बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या कारमध्ये शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असतो. माझ्या बाजूला तो नसतो. हँडब्रेक हात लांबवून ओढता येईल, पण वेगात असलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढला तर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी होऊ शकते. म्हणजे माझ्याकडे उरतात ते फक्त शब्द. म्हणून पहिल्याच दिवशी मी शब्द ठरवून टाकतो. 'धर' म्हणजे ब्रेक दाबून ठेव. 'सोड' म्हणजे पाय उचल. 'थांब' म्हणजे सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घे. 'अरे अरे', 'बघ बघ', 'जपून' हे शब्द माझ्या केबिनमध्ये बंद. 'जपून' ऐकून माणूस घाबरतो, पण नेमकं काय करायचं ते त्याला कळत नाही. 'समजलं का?' हेही मी विचारत नाही, कारण त्याला उत्तर 'हो उस्ताद' हेच येतं. मी विचारतो, "आता पुढे काय करणार आहेस?"

त्या दिवशी गाडी पूर्ण भरलेली होती. घाट पुढे होता. त्याच्या आधी एक लांब, सरळ, रुंद उतार लागतो. तसा धोक्याचा नाही, पण भरलेली गाडी त्यावर आपोआप वेग घेते. मी पट्टा लावलेलाच होता. मान मागे टेकवली आणि डोळे मिटले. प्रत्येक नव्या मुलाबरोबर मी हे एकदा करतो, दिवसाउजेडी आणि सोप्या रस्त्यावर. मला झोपायचं नसतं, ऐकायचं असतं.

गेअरमध्ये उतरणाऱ्या गाडीचा आवाज ठरलेला असतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी इंजिनाचा सूर चढाच राहतो. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनालाच गाडी रोखायला लावणारा ब्रेक, लावला की त्यात खोल गुरगुर मिसळते आणि अंग किंचित पुढे ढकललं जातं. त्या उतारावर असं काहीच झालं नाही. क्लच दाबल्याचा हलका आवाज आला, इंजिन एकदम खाली बसलं, नुसती आयडलची टकटक राहिली, आणि टायरांचा घोंगावणारा आवाज वाढत गेला. पोराने न्यूट्रल मारलं होतं.

डोळे उघडले तेव्हा काटा 70 च्या पुढे सरकत होता. मी ओरडलो असतो तर त्याने दचकून आधी गेअर लिव्हरच ओढली असती. त्या वेगात खालचा गेअर बसत नाही, नुसते दात खरखरतात, आणि तोवर गाडी आणखी पळते. मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "धर." त्याने ब्रेक दाबला. "दाबून ठेव." वेग 40 च्या खाली आला. "आता गेअर." गेअर बसला. "एक्झॉस्ट लाव." गुरगुर सुरू झाली, मी पट्ट्यात पुढे दबलो. "सोड." उतार संपल्यावर "थांब".

चाकांना ठोकळे लावले आणि त्याला प्रत्येक चाकाच्या ब्रेक ड्रमजवळ तळहाताची मागची बाजू न टेकवता धरायला लावली. एवढ्याशा ब्रेकनेही चांगली धग येत होती.

"हे माझ्यासमोर कधी केलं नव्हतंस."

"तुम्हाला आवडत नाही, उस्ताद. म्हणून नाही केलं."

"मग आज?"

"तुम्हाला झोप लागली होती." मग जरा थांबून, "आधीच्या उस्तादांनी सांगितलं होतं, सरळ उतार दिसला की न्यूट्रल करायचं. डिझेल वाचतं. ॲव्हरेज चांगलं दिसतं."

तो खोटं बोलला नाही, याचं मला आजही बरं वाटतं. पण इतके दिवस तो नियम पाळत नव्हता, माझी मर्जी सांभाळत होता, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि पोटात गोळा आला.

मग मी तिथेच त्याला सगळं समजावलं. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गेअरमध्ये असताना पाय उचलला की चाकंच इंजिन फिरवतात आणि यंत्रणा डिझेल बंद करते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव टांगायचा, ती या गाडीत नाहीच. शिवाय एक्झॉस्ट ब्रेक इंजिनाला अडवतो; इंजिन चाकांपासून तोडलं की तो असून नसल्यासारखा. सगळा भार चार ड्रममधल्या लायनरवर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या थरावर येतो. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. ड्रम तापून फुगतो, लायनर ज्यावर बसवलेला असतो त्या शूला त्याच्यापर्यंत पोचायला जास्त सरकावं लागतं, आणि पेडल पूर्ण दाबूनही ब्रेक लागत नाही. त्यातच आयडलवर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर सावकाश फिरतो, त्यामुळे सारखं पेडल मारत राहिलं तर गेलेली हवा लवकर भरून येत नाही.

ड्रम गार झाल्यावर त्याला गाडीखाली घेतलं. हे काम मला फार आवडतं. ब्रेक चेंबरमधून, म्हणजे हवेच्या डब्यातून, ब्रेक ढकलणारा दांडा (पुशरॉड) जिथे बाहेर येतो तिथे खडूने रेघ मारायची, वर एकाने पेडल दाबायचं आणि रेघ किती पुढे सरकली ते पट्टीने मोजायचं. एका चाकाची रेघ बाकीच्यांपेक्षा जास्त सरकली तर त्या चाकाचा ब्रेक उशिरा आणि कमी लागतोय. ब्रेकची ढिलाई काढणारा स्लॅक ॲडजस्टर ऑटोमॅटिक असेल तर पाना लावून तो सारखा हाताने आवळायचा नाही. त्याने बिघाड झाकला जातो, जात नाही. आमच्या चारही रेघा सारख्या होत्या. पोराने त्या दोनदा मोजल्या.

घाट मी उतरलो, मोठ्याने बोलत. माथ्यावर वळणाच्या आधीच खालचा गेअर, कारण वेग धरल्यावर तो मिळेल याची खात्री नसते. चढताना जो गेअर तोच उतरताना, हा जुना नियम ताकदवान इंजिनांना पुरत नाही. ती वरच्या गेअरमध्येही चढून जातात. एक्झॉस्ट ब्रेक लावूनही वेग ठरवलेल्या मर्यादेला टेकला की जोर देऊन ब्रेक, 8-10 किलोमीटर खाली आला की पाय पूर्ण उचल, ड्रमला श्वास घेऊ दे. मागून हॉर्न वाजत होते. "ऐकू येतात?" मी विचारलं. "येतात." "त्यांना उत्तर द्यायचं नाही." पुढचा घाट त्याने उतरला, आणि तोही मोठ्याने बोलत. पाय कधी उचलणार ते आधी सांगायचा आणि बरोबर तेव्हाच उचलायचा.

ऑफिसात मी दोन गोष्टी लेखी दिल्या. मुलगा अजून एकट्याने गाडी न्यायला तयार नाही. आणि हे ज्याने शिकवलं त्याच्या हाताखाली सध्या कोणाला देऊ नका. पहिली लगेच मान्य झाली, दुसरीवर 'ते जुने आहेत' असं उत्तर मिळालं. जुनेपणा ही पात्रता नाही. शिकवणाऱ्याच्या शेजारी बसून त्याची परीक्षा कोणी घेत नाही, ही खरी खोट आहे.

मग मी गाडीतल्या नोंदी मागितल्या. वेग आणि आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, दोन्ही त्यात उमटतात. उतारावर 70 चा वेग आणि त्याच क्षणी 600 च्या आसपासचा आरपीएम दिसला, तर गाडी न्यूट्रलमध्ये होती, याला साक्षीदार लागत नाही. एवढी माहिती हाताशी असून ऑफिस ती फक्त गाडी उशिरा का पोचली ते बघायला उघडतं. दोघांच्याही नोंदी मागितल्या, मुलाच्या आणि त्या उस्तादाच्या.

मुलाच्या आल्या. त्या दिवसानंतर तो दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर गेला, मी शेजारी नसताना. एकाही उतारावर आरपीएम पडलेला नाही. त्या उस्तादाच्या नोंदी अजून दिलेल्या नाहीत. या सोमवारी पुन्हा मागणार आहे.