पर्येचे खाशे आणि आमची जमीन

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात प्रतापसिंह राणे यांचे पूर्ण नाव क्वचितच कोणी घेते. आमच्याकडे ते ‘खाशे’. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध बंडे करणाऱ्या राण्यांच्या घराण्यातला, अमेरिकेत शिकून परतलेला हा तरुण 1972 साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या उमेदवारीवर सत्तरीतून निवडून आला आणि मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळात गेला. 2022 साली निवडणुकीपासून दूर राहीपर्यंत, म्हणजे सलग अकरा वेळा, मतदारांनी त्यांना विधानसभेत पाठवले.

1980 मध्ये ते काँग्रेसचे मुख्यमंत्री झाले. पुढची दहा वर्षे गोव्याच्या घडणीची होती. 4 फेब्रुवारी 1987 रोजी राजभाषा कायदा संमत होऊन कोकणी राजभाषा झाली, मराठीला शासकीय वापराच्या तरतुदीवर समाधान मानावे लागले, आणि 30 मे रोजी गोवा घटकराज्य झाले. मराठी शाळेत शिकलेल्या आणि मराठीत भजन गाणाऱ्या आमच्या गावांना हा निर्णय मनापासून लागला होता, तरीही 1989 साली सत्तरीतल्या पर्ये मतदारसंघाने खाशांनाच मत दिले. हे मत केवळ घराण्याच्या वलयाला होते असे मला वाटत नाही. गावागावांतील माणसे ओळखणारा आणि आवाज न चढवता ऐकून घेणारा पुढारी डोंगराळ तालुक्याला जवळचा वाटतो, हे मी घरातच पाहिले आहे.

मात्र एका प्रश्नावर माझे मन अजून त्यांच्याशी वाद घालते. सत्तरीत आल्वारा आणि मोकासो, म्हणजे पोर्तुगीज काळात लागवडीसाठी किंवा इनाम म्हणून दिलेल्या, जमिनींवर पिढ्यान्‌पिढ्या काजू, नाचणी पिकवणाऱ्या असंख्य कुटुंबांची नावे उताऱ्यावर नाहीत. 1975 चा मुंडकार कायदा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांसाठीचा कायदा, घराच्या जागेपुरता होता. डोंगरउतारावरच्या बागायतीचा प्रश्न त्याने सुटणारा नव्हता. त्यातच 1999 साली म्हादई अभयारण्य अधिसूचित झाले आणि त्याच्या हद्दीत आलेल्या शेतकऱ्यांचे हक्क आणखी गुंतागुंतीचे झाले. मुख्यमंत्रिपद, विरोधी पक्षनेतेपद आणि 2007 ते 2012 या काळातील सभापतिपद असे सगळे अधिकार हाताळलेल्या नेत्याला हा गुंता आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होता, म्हणूनच तो मिटायला हवा होता.

ते बाजूला झाले तेव्हा पर्येतून त्यांची सून देविया राणे भाजपच्या उमेदवार म्हणून निवडून आल्या. वाळपईत पुत्र विश्वजित आधीपासूनच आमदार होते. आमच्या आजोबांनी लावलेले काजू यंदाही मोहोरले, आणि उताऱ्यावर आजही आमचे नाव नाही.