योकोसुकातला सप्टेंबर एंड

मार्च एंडला सरकारी कचेरीत काय चालतं ते आपल्या माणसांना सांगायला नको. अमेरिकेचं सरकारी आर्थिक वर्ष मात्र ३० सप्टेंबरला संपतं. जपानमध्ये योकोसुकाच्या अमेरिकन नाविक तळावर मी सिव्हिलियन मॅनेजर होते, तळाच्या देखभालीच्या कामात. मूळची सांगलीची, आता अमेरिकन नागरिक. तिथले सप्टेंबर एंड सगळे सारखेच दमवणारे, पण २०१८चा विसरता येत नाही.

रविवारी, २३ तारखेला, अनंत चतुर्दशी झाली आणि लगेच पितृपक्ष लागला. आई फोनवर म्हणाली, या दिवसांत नवीन खरेदी नको गं. तिला काय सांगणार, आमची वर्षातली सगळ्यात मोठी खरेदी याच आठवड्यात!

देखभालीचा पैसा एका वर्षाचा असतो. ३० सप्टेंबरपर्यंत करार होऊन तो बांधला गेला नाही, तर नव्या कामाला वापरता येत नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या विभागांचा उरलेला पैसा वरून अचानक खाली येतो. याला आम्ही ‘फॉलआउट’ म्हणायचो. येतो तो बहुधा रात्री, कारण वॉशिंग्टन आमच्या १३ तास मागे. तिकडे ऑफिस उघडतं तेव्हा आमच्याकडे जेवणं आटोपलेली असतात.

सोमवारी शरद संपाताची जोडसुट्टी होती, जपानी सहकारी घरी. अमेरिकन बाजूचं ऑफिस चालू, पण त्यांच्याशिवाय आमचं पान हलत नाही. त्यांची गंमत अशी, की कायद्याने त्यांना नोकरीवर ठेवतं जपानचं संरक्षण मंत्रालय आणि काम देतो आम्ही. त्यामुळे ओव्हरटाइम सांगतानाही जपानी नियम आधी बघावे लागतात.

मंगळवार-बुधवार यादीत गेले. पैसा मिळाला तर कोणतं काम आधी, यावर प्रत्येक विभागाचं भांडण. आमचे कॅप्टन नवे होते. त्यांचं म्हणणं, पैसा उरणारच आहे तर पुढच्या वर्षाचे एसीचे फिल्टर आणि रंग आत्ताच भरून ठेवू. मी म्हटलं, “सर, गरज ज्या वर्षाची, पैसा त्याच वर्षाचा.” नेहमीचा साठा पुन्हा भरणं वेगळं, उरलेला पैसा जिरवायला गोदाम भरणं वेगळं. पटलं त्यांना, पण चेहरा काही खुलला नाही. मंजुरीपेक्षा जास्तीचा करार झाला तर आणखी पंचाईत. अँटीडेफिशियन्सी कायद्यात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला ५,००० डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. त्यात आमची कंत्राटं येनमध्ये आणि मंजुरी डॉलरमध्ये, म्हणजे दर हलला की आकडा पुन्हा तपासा.

गुरुवारी रात्री फोन आला: पैसा आहे, सकाळपर्यंत किती करारांत बांधू शकता? अशा वेळी कोणाची गरज मोठी हे बघायला कोणालाच सवड नसते. ज्याची कागदपत्रं तयार, त्याला पैसा. आमची तयार होती ती आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ जपानी बाईंमुळे. गणवेशातले अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतात, आम्ही सिव्हिलियनही बहुधा पाचेक वर्षांत परत जातो. या बाई मात्र कित्येक कॅप्टन बघून बसलेल्या. त्यांनी ऑगस्टमध्येच गळक्या छपरांची आणि जुन्या पंपांची कोटेशन्स गोळा करून, कामाचं वर्णन दोन्ही भाषांत लिहून फायली लावल्या होत्या. शुक्रवारी करार अधिकाऱ्याच्या टेबलावर आमचा गठ्ठा सगळ्यात आधी होता. शाबासकी मला मिळाली. तळाची खरी स्मरणशक्ती कोणाकडे आहे, हे पदांच्या तक्त्यावर दिसत नाही.

शनिवारी कळलं, की २८ तारखेला राष्ट्राध्यक्षांनी नव्या वर्षाच्या संरक्षण खर्चावर सही केली. दहाएक वर्षांत पहिल्यांदाच ते वेळेत झालं होतं. एरवी ऑक्टोबर उजाडतो तो तात्पुरत्या मंजुरीवर, नवीन काम सुरू करायची सोय नाही.

पण तोवर २४ क्रमांकाचं वादळ, ट्रामी, जपानवर येऊन ठेपलं होतं. रविवारी टोकियो परिसरात जेआर रेल्वेने रात्री आठनंतर गाड्या बंद केल्या. परांच्यांचे बांध तपासले, सुटे पत्रे आत घेतले आणि घरी बसून फोन घेत राहिलो. वारा रात्रभर घोंघावत होता. माझ्या डोक्यात मात्र भलताच हिशेब: छप्पर आत्ता उडालं तर दुरुस्ती जुन्या वर्षाच्या पैशातून की नव्या?

सोमवारी, १ ऑक्टोबरला, लोक उशिरा पोचले. एका गोदामात पाणी शिरलं होतं. बाईंनी फोटो काढून अर्ज तयारच ठेवला होता, फक्त तारखेची जागा रिकामी. दुपारी एक वाजला, वॉशिंग्टनमध्ये मध्यरात्र झाली, त्यांनी तारीख घातली आणि मी सही केली. नव्या वर्षाची आमची पहिली मागणी: ताडपत्र्या.