ट्रलीतले मनिक्स मास्तर

आयर्लंडमधल्या किलार्नीबद्दल मी फारसे लिहिणार नाही; पर्यटकांच्या बसगाड्यांची रांग आणि मेंढ्यांची चित्रे छापलेले टॉवेल एवढेच तिथले लक्षात राहिले. केरी परगण्यात मन रमले ते ट्रली गावात, ‘शीमसा टीरा’ या आयर्लंडच्या राष्ट्रीय लोकरंगभूमीवर.

फादर पॅट अहर्न 1957 मध्ये चर्चचा गायकवृंद उभारण्यासाठी ट्रलीला आले आणि त्या वृंदातूनच पुढे केरीच्या शेतकरी जीवनावरचे नाचगाण्यांचे प्रयोग आकाराला आले. 1974 मध्ये संस्थेला रीतसर रूप मिळाले आणि फिनूग व कॅरिग या खेड्यांत मुलांसाठी प्रशिक्षणगृहे निघाली. तिथे जे शिकवले जाते, त्याचे मूळ जेरी मॉलिनो यांच्याकडे जाते. उत्तर केरीत गावोगाव फिरून, लोकांच्या स्वयंपाकघरांत आणि कोठारांत शिकवण्या घेणाऱ्या या नृत्यमास्तरांना लोक ‘मनिक्स’ म्हणूनच ओळखत.

शीमसा टीराच्या प्रयोगाला मी पहिल्या रांगेत होतो, त्यामुळे शैलीतला फरक थेट डोळ्यांपुढे आला. स्पर्धांमधल्या आयरिश नृत्यात उंच उड्या, कुरळे टोप आणि चकचकीत झगे असतात. इथे पाऊल जमिनीपासून दोन बोटेही सुटत नव्हते. टाच, चवडा, पुन्हा टाच, असे बारीक ठोके कथकच्या तत्कारासारखे सलग पडत होते, खांदे मात्र स्थिर. धान्य झोडपण्याच्या प्रवेशात समोरासमोर उभे राहिलेले दोघे काठीला बांधलेले झोडपणे आळीपाळीने आपटत होते आणि त्याच ठेक्यावर नाच सुरू झाला, तेव्हा कामाचा ताल कुठे संपला हे मला सांगता येईना. दुर्दैवाने शेजारच्या गृहस्थांनी याच क्षणी मोबाइलचा दिवा लावला. नाट्यगृहात अशा माणसांना शेवटच्या रांगेत बसवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मध्यंतरात एका आजीबाईंशी बोलणे झाले. त्यांची नात फिनूगला मनिक्स पद्धत शिकते आणि शिवाय दुसऱ्या एका वर्गात स्पर्धेची तयारीही करते. एकीकडे मास्तर तिला खाली राहा म्हणतात, तर दुसरीकडे उंच उडी मार म्हणून ओरडतात. पोरीला त्याचे काहीच वाटत नाही. टोप आणि झगा यांच्या किमतीबद्दल तक्रार होती ती आजींचीच, आणि ती ऐकता ऐकता दुसऱ्या अंकाची घंटा झाली.